पाच फूट की सहा

कागदावर पहिल्याच ओळीत 'अनुत्तीर्ण' असं छापलं होतं, ते लेम्युएल ग्रिग्झबीला समजलं. त्याखालचे आकडे मात्र त्याला काही केल्या समजेनात. परीक्षा केंद्राबाहेर, आपल्या व्हॅनच्या तापलेल्या बॉनेटला टेकून त्याने ते चारदा वाचले. पाणीपुरवठा, अठ्ठ्याऐंशी. सांडपाणी, एक्याऐंशी. हवेचे पाईप, चौतीस. सगळं मिळून सदुसष्ट, आणि लागत होते सत्तर.

"चौतीस?" तो व्हॅनलाच म्हणाला.

पाणीपुरवठ्यात बारा मार्क गेले, हे त्याला पटलं. त्यात त्याचं कधीच फारसं मन नव्हतं. पण हवेचे पाईप! मोरीतलं पाणी खाली जाताना त्याला वरून श्वास मिळाला पाहिजे, नाहीतर ते गुरगुरतं, अडतं आणि गटाराचा वास घरात सोडतं. हा श्वास कुठून, किती अंतरावरून द्यायचा, यात अख्ख्या काउंटीत लेम्युएलचा हात धरणारा कोणी नव्हता. इन्स्पेक्टरसुद्धा त्याचं काम बघायला वाकायचे नाहीत, नुसती सही करून जायचे.

व्हॅनच्या दारावर निळ्या अक्षरांत 'टिडवेल अँड सन प्लंबिंग' असं होतं. टिडवेल म्हणजे मिस्टर हॉलिस टिडवेल, माउंट नेबो चर्चचे थोरले डीकन, पाद्र्यांना मदत करणारे मानकरी. 'सन', म्हणजे मुलगा, त्यांना कधी झालाच नाही. एकोणीस वर्षांचा लेम्युएल त्यांच्याकडे खड्डे खणायला आला आणि सव्वीस वर्षं तिथेच राहिला. दुकानाचा कंत्राटदारीचा परवाना मिस्टर हॉलिसच्या नावावर होता आणि त्या एका परवान्याच्या सावलीत दुकान चालत होतं. जुलैत, टोमॅटो पिकण्याच्या दिवसांत, मिस्टर हॉलिस गेले आणि त्यांच्याबरोबर परवानाही गेला.

आठवडाभराने त्यांच्या पत्नीने (सगळे त्यांना आदराने मिस ऑर्लीन म्हणत) लेम्युएलच्या घरून आलेल्या गोड पाय-पेस्ट्रीची रिकामी ताटली परत करताना तीत घालून परवाना मंडळाचं पत्र त्याला दिलं होतं. दुकानातल्या कुणीतरी नव्वद दिवसांच्या आत परीक्षा देऊन परवाना आपल्या नावावर घ्यावा, नाहीतर दुकानाला कुठल्याही कामाची परवानगी मिळणार नाही.

"लेम्युएल, हे तू बघ," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. दुकानात आता होतं कोण? तोच.

आता नव्वदांतले पन्नास दिवस संपले होते. पुन्हा बसायला तीस दिवस थांबावं लागणार होतं. म्हणजे संधी एकच. आणि आपलं चुकलं काय, हेच कळत नसेल तर माणसाने सुधारायचं तरी काय?

घरी त्याची बायको वर्डेल मक्याची भाकर तव्यावर उलटत होती. त्याचं तोंड बघूनच तिने ओळखलं.

"किती?"

"सदुसष्ट. पण ते जाऊ दे. हवेच्या पाईपांत चौतीस."

वर्डेलने उलथनं खाली ठेवलं. "तुला? लेम, तू झोपेत हवेचे पाईप बडबडतोस. इतकी वर्षं मी ऐकतेय. मला चौतीसच्या वर मिळाले असते."

"मग तूच जायचं होतंस."

"मला परवाना मिळाला तर तुला माझ्या हाताखाली काम करावं लागेल."

"आत्ता काय वेगळं चाललंय?"

ती हसली, पण तो हसला नाही. जेवताना तो कारणं काढत बसला. परीक्षेचा संगणक बिघडला असेल. शेजारी एक माणूस सारखा खोकत होता, त्याची उत्तरं आपल्या नावावर चढली असतील. बोट एकीकडे लागलं असेल आणि खूण दुसरीकडे उमटली असेल. शेवटचं कारण त्याने मोठ्याने सांगितलं नाही: दुकान बंद व्हावं अशी देवाचीच इच्छा असेल. हा विचार घासाबरोबर आत गेला आणि तिथेच अडकून बसला.

अभ्यास त्याने कमी केला नव्हता. फक्त त्याचा अभ्यास डोळ्यांचा नव्हता, कानांचा होता. माउंट नेबोत रविवारी उपासना सुरू होण्याआधी जुन्या चालीतलं भजन असतं, आणि त्याची ओळ द्यायचं काम लेम्युएलचं, तोही तिथला डीकन. तो उभा राहून एक ओळ झरझर सांगतो आणि मग सगळी मंडळी ती ओळ ओढून, घोळवून, जीव ओतून गातात. ते विरता विरता तो पुढची ओळ देतो. समोर पुस्तक नसतं. पुस्तक बघून ओळ देणारा डीकन म्हणजे पोहायला उतरून काठ धरणारा माणूस.

प्लंबिंगचे नियमही त्याला असेच मिळाले होते. कुणाच्या तरी जमिनीपासून उचललेल्या घराच्या पोटाखाली, लाल मातीत पाठीवर पडून, मिस्टर हॉलिस नियम सांगायचे: "दीड इंची ट्रॅप?" आणि लेम्युएल दुसऱ्या टोकाहून ओढून म्हणायचा, "हवेपासून पाच फूऽऽट!" पुढे पुढे त्याला चालच लागली. मोरीखालच्या वळणदार नळीला ट्रॅप म्हणतात, आणि तिथून हवेच्या पाईपापर्यंत किती अंतर चालतं याचा सगळा तक्ता तो न अडखळता गाऊ शकत होता. मिस्टर हॉलिसचं तपकिरी, पाठ उसवलेलं नियमांचं पुस्तक व्हॅनमध्ये असायचं. पण ते उघडायची वेळ क्वचितच यायची.

रविवारी त्याने ओळ दिली तेव्हा त्याचा आवाज दुसऱ्याच ओळीला कापला. मंडळींनी सांभाळून घेतलं.

मग रेव्हरंड थेरन स्पाइव्ही उभे राहिले. वयाने ते लेम्युएलहून लहान, पण गळा असा की खिडकीच्या काचांनाही कान फुटावेत. सुरुवातीला साधं, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलले. बापाने खणलेल्या विहिरी शत्रूंनी बुजवल्या आणि मुलाने त्या पुन्हा उपसल्या, ती गोष्ट. हळूहळू बोलण्याला लय आली, लयीला सूर आला, ऑर्गनवाल्याने मागून एकेक सूर टाकायला घेतला, आणि मग बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

"बापाने खणली विहीर!"

"होऽ, खणली!" मंडळींनी झील धरली.

"मुलाने उपसली विहीर!"

"उपसली, रेव्हरंड!"

"पण बाबांनो, पाणी आजचं हवं! तहान आजची आहे!"

लोक उभे राहिले. कुणी रुमाल हलवत होतं, कुणी रडत होतं. वर्डेल टाळ्या वाजवत होती. लेम्युएलच्या अंगावर काटा आला, डोळे भरले, आणि त्याच वेळी मनात घोळत राहिलं: चौतीस. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

उपासनेनंतर मागच्या स्वयंपाकघरात घेवड्याच्या दाण्यांचं पातेलं उघडलं होतं. रेव्हरंड ताटली घेऊन त्याच्याशेजारी बसले.

"डीकन, आज तुमची ओळ थरथरली."

लेम्युएलने सगळं सांगितलं. कागद खिशातच होता, तो दाखवला. रेव्हरंडनी आकडे बघितले, दाणे चघळले, पुन्हा आकडे बघितले.

"मला पाइपांतलं काही कळत नाही," ते म्हणाले. "पण असं करा. तुम्ही म्हणा, मी पुस्तकात बघतो. कुठे चुकतंय ते सापडेल."

लेम्युएलने व्हॅनमधून नवं पुस्तक आणलं. मंडळाने याच पुस्तकावर परीक्षा होईल असं कळवलं होतं, म्हणून ते विकत घ्यावं लागलं होतं. वर्डेलने त्याला चेन लावलेलं कातडी कव्हर घातलं होतं आणि त्यावर सोनेरी क्रूस होता. रेव्हरंडनी चेन उघडली. पानं एकमेकांना चिकटलेली होती, ती सुटताना कुरकुरली.

"डीकन, हे उघडलंत कधी?"

"कशाला उघडायचं? पाठ आहे."

"परीक्षेतसुद्धा नाही?"

"टेबलावर होतं. त्यावर हात ठेवून बसलो होतो."

"पण या परीक्षेत पुस्तक बघायची मुभा असते ना?"

"असते तर! बाकीचे सगळे फडाफडा पानं उलटत होते. मलाच लाज वाटत होती, रेव्हरंड. इतकी वर्षं काम करून पुस्तक बघायचं? मी ओळ द्यायला उभा राहिलो आणि खिशातून पुस्तक काढलं, तर पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या काय म्हणतील?"

"म्हणतील, डीकन संपला," वर्डेल पलीकडून म्हणाली.

रेव्हरंड हसले. "बरं, म्हणा."

लेम्युएलने घसा साफ केला. "दीड इंची ट्रॅप, हवेपासून पाच फूऽऽट—"

"सहा."

"पाच."

"सहा, डीकन."

"रेव्हरंड, तुम्ही देवाचं काम करणारी माणसं. हे पाइपांचं आहे."

"पाइपांचं असलं तरी आकडा आकडाच असतो. माझी आई शाळेत शिकवायची. पुढे म्हणा."

"दोन इंची, सहा."

"आठ."

"तीन इंची, दहा."

"बारा."

"चार इंची, बारा!" लेम्युएलचा आवाज चढला होता. पातेल्याभोवतीच्या बायका वळून बघायला लागल्या.

"सोळा," रेव्हरंड हळूच म्हणाले.

लेम्युएल उठला, व्हॅनकडे गेला आणि मिस्टर हॉलिसचं तपकिरी पुस्तक घेऊन आला. ते त्याने नव्या पुस्तकाशेजारी ठेवलं, पान काढलं आणि बोट टेकवलं. पाच. शेजारी मिस्टर हॉलिसनी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'लेमला पाठ.' नव्या पुस्तकात सहा. तो या पानाकडून त्या पानाकडे बघत राहिला. त्याचं डोकं चालेना.

"छापताना चुकलंय," तो म्हणाला.

"चारही ठिकाणी?"

"मग हे दुसरंच कुठलंतरी पुस्तक आहे."

"तेच आहे. नाव तेच. हे सत्तावीस वर्षांपूर्वीचं, हे आताचं." रेव्हरंडनी पहिलं पान वाचलं. "इथे लिहिलंय, दर तीन वर्षांनी सुधारून काढतात."

"दर तीन वर्षांनी?" लेम्युएल मटकन बसला. "रेव्हरंड, वर्डेलने गेल्या नाताळात मला नवं बायबल आणलं. मोठ्या अक्षरांचं. ते नवं आहे म्हणून आत एखादी आज्ञा वाढली का? पुस्तक नवं येतं ते जुनं फाटलं म्हणून. मला वाटलं, हेही तसंच."

रेव्हरंड इतके हसले की त्यांना ताटली बाजूला ठेवावी लागली. वर्डेलही हसली. पण लेम्युएलच्या मनात भलतंच सुरू झालं होतं. सव्वीस वर्षं. किती मोऱ्या, किती घरं, हेच स्वयंपाकघर, ज्यात ते बसले होते.

"म्हणजे मी सगळीकडे चुकीचं काम केलं? मिस्टर हॉलिसनी चुकीचं शिकवलं?"

"पाच फूट सहाच्या आत येतात का?"

"येतात."

"मग घरं शाबूत आहेत. मिस्टर हॉलिसही शाबूत आहेत. चुकलं ते फक्त परीक्षेत."

चूक सापडली खरी, पण ती काढणं निराळंच होतं. रोज संध्याकाळी वर्डेल मंडळी व्हायची आणि तो ओळ द्यायचा. तो "पाच फूऽऽट" म्हणायचा आणि वर्डेल ठासून "सहा फूऽऽट" गायची. ओळ जशी दिली तशीच परत यायला हवी, हे त्याच्या हाडांत भिनलेलं. तिचा 'सहा' कानावर आला की पुढची ओळच पळून जायची.

"तू खो घालतेस," तो चिडायचा.

"मी पुस्तक वाचतेय. तूच गातोयस मेलेल्या माणसाचं."

असं बोलून तिलाच वाईट वाटायचं, मग ती रताळ्याची गोड पाय-पेस्ट्री पुढे सरकवायची.

एकदा त्याने नेट लावून 'सहा' म्हटलं, तर चाल मोडली आणि दोन इंचीलाही तोंडून सहाच निघालं. दुसऱ्या दिवशी तीन इंचीला पंधरा आलं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मिस ऑर्लीनचा फोन आला की तो "चाललंय" म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर त्याला घाम फुटायचा.

बुधवारच्या प्रार्थनेनंतर त्याने रेव्हरंडना गाठलं. "माझ्याच्याने होत नाही. भजनातला शब्द बदलता येत नाही, रेव्हरंड. जीभ वळत नाही."

"भजन बदलूच नका," रेव्हरंड म्हणाले. "भजन आहे तसं राहू दे. पण मी काय करतो? वचन तेच, जुनं. आणि त्यावर प्रवचन दर रविवारी नवं. तुम्ही ओळ देऊ नका. प्रवचन करा."

"मी? प्रवचन?"

"पाइपांवर. देवाला चालेल."

त्या संध्याकाळी लेम्युएल मागच्या पायरीवर उभा राहिला. वर्डेल खुर्ची घेऊन बसली. आधी त्याला फार ओशाळल्यासारखं झालं. मग त्याने साध्या आवाजात सुरुवात केली, शेजाऱ्याशी बोलावं तशी.

"मिस्टर हॉलिस म्हणाले, पाच."

"म्हणाले!" वर्डेलने झील धरली.

"चांगला माणूस होता, म्हणाला, पाच!"

"होऽ, चांगला होता!"

"पण पुस्तक म्हणतं, सहा!"

"म्हणू दे त्याला!"

कुंपणापलीकडचा कुत्रा भुंकायला लागला. चौघी बहिणींसारखे चारही आकडे त्या दिवशी रांगेत उभे राहिले. आठ, बारा, सोळाही आले. लेम्युएल घामाने निथळत होता, आणि जुलैनंतर पहिल्यांदाच मिस्टर हॉलिसचं नाव घेताना तो हसत होता. नवीन घोळ मात्र एक झाला. आता दोन्ही आकडे जोडीनेच यायचे, आणि मध्येच त्याला कळेनासं व्हायचं की कोणता कोणाचा.

ब्याऐंशीव्या दिवशी तो परीक्षेला बसला. या वेळी त्याने पुस्तक उघडलं. लाज वाटली, पण पुढच्या बाकावर म्हाताऱ्या नव्हत्या. डाव्या हाताचं बोट ओळीवरून सरकत होतं, उजव्या हाताने उत्तर. पाणी गेलं, सांडपाणी गेलं. ट्रॅपच्या अंतराचा प्रश्न आला, तेव्हा त्याने मुद्दाम तो मागे ठेवला. आधी बाकीचं होऊ दे.

"सर."

पर्यवेक्षक बाई शेजारी उभ्या होत्या.

"सर, आवाज."

"कसला आवाज?"

"तुमचा. तुम्ही गुणगुणताय. पुन्हा झालं तर मला तुम्हाला बाहेर काढावं लागेल."

त्याने ओठ घट्ट मिटले. तेव्हापासून आत सगळं मुकं झालं. झील धरायला कोणी नाही, कुत्रासुद्धा नाही. डोळ्यांनी वाचत वाचत तो कसाबसा शेवटाला पोचला आणि मागे ठेवलेल्या प्रश्नाकडे परतला. कोपऱ्यातलं घड्याळ एक मिनिट दाखवत होतं. दीड इंची ट्रॅप. पर्याय चार: साडेतीन, पाच, सहा, आठ. तो पुस्तकात तक्ता शोधायला लागला. पानं दोन-दोन एकदम उलटत होती. मनात आलं, मिस्टर हॉलिस म्हणाले. मनात आलं, पुस्तक म्हणतं. ओठांतून सूर निसटू पाहत होता, त्याने तो दातांत धरला. बाईंची पावलं पुन्हा वाजली. त्याने काहीतरी दाबलं आणि पडदा पांढरा झाला.

बाहेरच्या खिडकीतून मिळालेल्या कागदावर पहिल्याच ओळीत 'उत्तीर्ण' असं होतं. खाली काही नव्हतं. त्याने कागद उलटून बघितला.

"किती मिळाले?" त्याने खिडकीतल्या बाईंना विचारलं.

"पास झालेल्यांना मार्क देत नाही."

"हवेच्या पाईपांत तरी?"

"सर, तुम्ही पास झालात."

"एकच प्रश्न विचारतो. दीड इंची ट्रॅपला मी काय लिहिलं?"

बाईंनी चष्मा काढून त्याच्याकडे नीट बघितलं. "घरी जा, सर. घरच्यांना सांगा."

तो आधी मिस ऑर्लीनकडे गेला. त्या व्हरांड्यात शेंगा सोलत होत्या. कागद हातात घेऊन त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि त्यावरून हात फिरवला.

"व्हॅनच्या दारावरचं नाव आता बदलून घे. परवाना तुझा आहे."

"नको, मिस ऑर्लीन. परवान्याचा नंबर तेवढा नवा घालतो."

"'अँड सन' तसंच ठेवणार?"

"तुमची हरकत नसेल तर."

"माझी कसली हरकत!" त्या म्हणाल्या आणि शेंगांकडे वळल्या. "घरात पाळणा नाही आणि दारावर 'सन' लिहिलंय म्हणून मी त्या माणसाशी आठवडाभर बोलले नव्हते."

परवान्याचं पहिलं काम चर्चमागच्या एका घराचं होतं. लेम्युएल घराखाली सरपटत गेला, मातीत पाठ टेकली, मोरीची जागा धरली आणि टेप ताणली. सहा फुटांवर एक सोयीची तुळई होती, पाईप तिच्या कडेने सरळ वर नेता आला असता. त्याने टेप मागे घेतली. पाच फुटांवर पेन्सिलीने खूण केली, दोन जादा भोकं पाडली आणि पाईप बसवला.

नवा इन्स्पेक्टर होता. तो वाकला, चक्क आत डोकावला, बॅटरी मारली.

"मिस्टर ग्रिग्झबी, सहा चालले असते. उगाच दोन भोकं जास्त पाडलीत."

"माहीत आहे," लेम्युएल म्हणाला.

इन्स्पेक्टरने सही केली आणि तो गेला. लेम्युएल तिथेच मातीत थोडा वेळ पडून राहिला. माहीत होतं, हे खरं. त्या शेवटच्या मिनिटाला माहीत होतं का, ते मात्र त्याला आठवेना. त्याने वरच्या फळ्यांकडे बघत हळूच तीच जुनी ओळ दिली, आणि यावेळी त्याला थांबवायला कोणी आलं नाही.